परभणीच्या दादांच्या रिव्ह्यूला उत्तर: बिलावरचा एक्स्पोर्ट म्हणजे सोलरची सगळी वीज नाही

दादा नमस्कार, आम्ही तुमच्या गच्चीवर बसवलेल्या 3 किलोवॅटच्या सोलरबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिले त्याचं काही नाही, पण "रोज 12 युनिट सांगून फसवलं, जुलैच्या अख्ख्या महिन्यात 130 च युनिट आले" हे वाचून लई वाईट वाटलं. परभणीत सोलर बसवायचा विचार करणारे बरेच जण हे वाचणार आणि त्यांचाही हाच घोळ होणार, म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहितो.

130 हा बिलावरचा एक्स्पोर्ट आहे, म्हणजे घरात वापरून उरलेली आणि लाइनीत गेलेली वीज. दिवसा तुमचा फ्रिज, पंखे, बोअरची मोटर सोलरवरच चालते, ती वीज नेट मीटरपर्यंत (लाइनीत गेलेली आणि लाइनीतून घेतलेली वीज मोजणारं मीटर) पोचतच नाही मग बिलात कुठून दिसणार? खरं उत्पादन इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी) ॲपमधे बघायचं. तुम्हीच टाकलेल्या स्क्रीनशॉटमधे जुलैचे 270 युनिट स्पष्ट दिसतायत. 270 तले 130 बाहेर गेले म्हणजे 140 घरात वापरले, रात्रीचे 95 लाइनीतून घेतले, असा घरचा एकूण वापर 235 झाला. सोलर नसतं तर 235 युनिटचं बिल आलं असतं, आता उलट 130 तून 95 वजा जाऊन 35 युनिट तुमच्या नावावर पुढं जमा आहेत, भरायचा तो स्थिर आकार वगैरे.

आता 270 म्हणजे दिवसाला पावणेनऊच पडले, मग 12 कुठं गेले? एका किलोवॅटला रोज 4 युनिट, म्हणजे तुमच्या 3 किलोवॅटला 12, ही वर्षाची सरासरी धरतात, कोटेशनवर पण वार्षिक सरासरी असंच लिहिलेलं आहे. मार्च-एप्रिलला 3 किलोवॅटवर 14 च्या आसपास मिळतात, आणि जुलैत आभाळ गच्च भरलेलं असलं की एखाद्या दिवशी 3-4 वरच थांबतं. मेमधे पण 3000 वॅट कधी दिसले नाहीत म्हणता, बरोबर आहे, पॅनलवर छापलेला आकडा पॅनल 25 डिग्रीला असतानाचा असतो. आपल्याकडं मेच्या दुपारी काच-पत्रा तापून पॅनल 65 च्या घरात जातं आणि 25 च्या वर दर डिग्रीला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज कमी होते, म्हणून भर उन्हात 2500 दिसले तरी पॅनल चांगलंच आहे.

लाइट गेली की हा इन्व्हर्टर पण बंद होतो, पोलवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. पावसाळ्यात दुपारची दोन तास लाइट गेली तर तेवढं उत्पादन गेलंच, आणि हे कोटेशनमधे कुणीच धरू शकत नाही.

आमच्यावर विश्वास नसेल तर युरोपियन कमिशनची पीव्हीजीआयएस नावाची फुकट वेबसाइट आहे. नकाशावर परभणी निवडा, 3 किलोवॅट टाका, पॅनलचा उतार टाका, दिशेच्या जागी 0 ठेवा (तिथं 0 म्हणजे दक्षिण), महिन्यावार अंदाज समोर येतो. त्याच्याशी ॲपमधले तुमचे आकडे लावून बघा.

एक गोष्ट मात्र तुमच्याच हातात आहे. गच्चीवर नंतर बसवलेली काळी टाकी, तिची सावली दुपारी चारनंतर पश्चिमेच्या दोन पॅनलवर पडते. पॅनल एकाच रांगेत जोडलेले असल्यामुळं तेवढ्या सावलीनं पण बराच फरक पडतो, आणि थंडीत सूर्य दक्षिणेला झुकला की सावली आणखी लांबते. टाकी उत्तरेच्या कठड्याजवळ घ्या, प्लंबर तुमचा, वायरिंग चेक करणं आणि पॅनल धुणं आमच्याकडून फुकट. फक्त सकाळी 8 च्या आतली वेळ द्या, तापलेल्या काचेवर गार पाणी मारता येत नाही.