अनारशांवर खसखस का नव्हती

नमस्कार ताई,

दुबईच्या फराळात अनारशांवर खसखशीऐवजी तीळ निघाले, डिंकाचे लाडू खसखशीविना नेहमीसारखे लागले नाहीत आणि मेलबर्नच्या डब्यात पेढे भरायला आम्ही नकार दिला, म्हणून आपण एकच तारा दिलात. सणाच्या पदार्थात काही कमी पडलं की जीव हळहळतो, हे मला कळतं. तरी हे निर्णय मी विचार करून घेतलेत आणि पुढच्या दिवाळीतही ते बदलणार नाहीत.

खसखस अफूच्या बोंडातून निघते. मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते आणि आपल्याकडे कुठल्याही वाण्याकडे खसखस राजरोस मिळते, त्यामुळे आपल्या मनात काही येतच नाही. पण दाण्यांना बोंडातल्या चिकाचा अंश लागलेला असू शकतो आणि त्यात मॉर्फिन असतं. म्हणून संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या मालात मोडते. सिंगापुरातही तेच. तिथल्या कस्टमच्या माणसाला अनारसा माहीत नसतो, त्याला वरचे दाणे दिसतात. आपल्या जावयांना फराळापायी अमली पदार्थांबद्दल जबाब द्यावा लागला असता, तर मला ते सहन झालं नसतं.

पेढ्यांचं कारण निराळं. ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर जनावरांना लाळ्या-खुरकूत झालेला नाही, आपल्याकडे तो आजही आहे. दुधातून तो तिथे पोचू नये म्हणून पेढे, बर्फी, गुलाबजाम इथून नेता येत नाहीत. मैत्रिणीचे पेढे गेल्या वर्षी बिनबोभाट गेले, असं आपण लिहिलंय. तिची बॅग उघडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पेढ्यांचे पैसे आम्ही घेतलेच नव्हते. अनारशांचे परत करणार नाही, कारण पावतीवर ‘दुबई, खसखस नाही’ असं लिहून दिलं होतं.

मेलबर्नला आपण स्वतः जाताय, म्हणून एक कळकळीची विनंती. उतरण्याआधी भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थांच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा, अगदी चकलीसाठीसुद्धा. सांगितलेला पदार्थ नियमात बसला नाही तर काढून घेतात, दंड करत नाहीत. न सांगितलेला सापडला तर दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होतो. आणि डब्यांवर चिकटवलेली घटकांची इंग्रजी यादी काढू नका, अधिकारी आधी तीच वाचतात.