शेगडीजवळची पाण्याची बादली विषारी वायू शोषत नाही

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेजारी पाण्याची बादली ठेवली की विषारी वायू पाण्यात शोषला जातो, असा जो उपाय थंडीत सांगितला जातो, तो चुकीचा आणि जिवावर बेतणारा आहे. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात नगण्यच विरघळतो. बादलीने फार तर हवेचा कोरडेपणा कमी होईल. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट जोडला जात असल्याने झोपेत असलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ ही लक्षणे जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते. धूर नसलेले लाल निखारेही हा वायू सोडतात, किंबहुना धूर नाही म्हणूनच लोक निर्धास्त राहतात. शेकायचे ते अंगणात शेकावे आणि निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर ठेवावी.