जास्त अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे

‘पुणे महापालिकेच्या नागरिक सहभाग अंदाजपत्रकात ज्या कामासाठी जास्त अर्ज येतील तेच मंजूर होतं, म्हणून सगळ्यांनी एकाच कामाचा अर्ज भरा,’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपल्या भागातली कामं सुचवायची, अशी ही पद्धत पुण्यात २००६ पासून सुरू झाली; तिच्यात मतमोजणी नाहीच. ही कल्पना जिथून आली त्या ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ पासून लोक सभांमध्ये मतं देऊन प्राधान्य ठरवत आले; आपल्याकडे नागरिक फक्त काम सुचवतात. क्षेत्रीय कार्यालय त्याची छाननी करतं, मग त्या भागातल्या नगरसेवकांच्या प्रभाग समितीपुढे विषय जातो. एका कामाला ५ लाखांची मर्यादा राहिलेली आहे, त्यामुळे उड्डाणपूल मागून अर्ज वाया घालवू नका. पदपथ, दिवे, बाक मागा. आणि कृपा करून नेमकी जागा लिहा!