आकाशात सगळं फुकट मिळतं, मग कोलायडर कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कणांच्या टकरींवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखी ती नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहितो आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमधल्या एखाद्या कणाची ऊर्जा लार्ज हॅड्रॉन कोलायडर या प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रातल्या प्रोटॉनच्या कोट्यवधी पट असते. मग २७ किलोमीटरचं भुयार खणून आणि त्यातले अतिवाहक चुंबक थंड ठेवून माणसाने त्याहून दुबळ्या टकरी का घडवाव्यात? पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा), म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद), पायॉन (अणुकेंद्र बांधून ठेवणारा कण) हे सगळे वैश्विक किरणांतच सापडले, तेही मोजक्या माणसांना आणि साध्या उपकरणांनी. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की या अवकाशी कणांची ऊर्जा तरी कुणी प्रत्यक्ष मोजली आहे? तो तर संगणकावरच्या मॉडेलचा अंदाज, आणि लेखात तो मोजमाप म्हणून दिला आहे.

तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्याचं आपसांत जमत नाही. वैश्विक कणांची ऊर्जा हा नुसता अंदाज असेल, तर त्याच ऊर्जेच्या जोरावर कोलायडरला निरुपयोगी ठरवता येत नाही. पण शेवटच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे. या क्षेत्रातले लोक गेली काही वर्षं तिच्याशीच झुंजत आहेत, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी ते 'कोट्यवधी पट'. १५ ऑक्टोबर १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या युटामधल्या फ्लाइज आय या प्रयोगात नोंदला गेलेला कण सुमारे ३२ कोटी टीईव्ही ऊर्जेचा होता. एक टीईव्ही म्हणजे एक लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. नेहमीच्या एककांत ही ऊर्जा ५० ज्यूलच्या आसपास भरते, आणि तीही एकाच कणात! कोलायडरमधल्या प्रोटॉनची ऊर्जा आज ६.८ टीईव्ही आहे. भागाकार केला की साडेचार कोटींच्या वर आकडा येतो, म्हणजे तुमचा हिशेब बरोबर आहे. फक्त तो कण ज्या अणुकेंद्रावर आदळतो ते हवेतलं अणुकेंद्र जागेवरच असतं. अशा टकरीत बहुतेक सगळी ऊर्जा संवेग राखण्यात जाते, म्हणजे निर्माण झालेले कण पुढे धावत राहतात त्यात. नवं काही घडवायला जी ऊर्जा हाती लागते ती येणाऱ्या कणाच्या ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढते. कोलायडरमध्ये दोन प्रोटॉन समोरासमोर भिडतात, म्हणून दोघांची मिळून १३.६ टीईव्ही पुरीच्या पुरी उपलब्ध असते. १९९१ चा कण प्रोटॉन होता असं धरलं तर त्याच्या टकरीत सुमारे ७७५ टीईव्ही उपलब्ध होते, म्हणजे ५७ पट. तो लोखंडाचं अणुकेंद्र असेल, तर ऊर्जा ५६ न्यूक्लिऑनांत, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांत, वाटली जाते आणि न्यूक्लिऑनांच्या एका जोडीच्या वाट्याला साधारण १०० टीईव्ही येतात. साडेचार कोटींचे ५७ झाले, आणि कदाचित आठच.

५७ पटही काही थोडी नव्हे, हे मान्य. पण असे कण येतात किती? १० कोटी टीईव्हीच्या वरचे कण एका चौरस किलोमीटरवर शतकात एखादा, किंवा तेवढाही नाही. म्हणून तर अर्जेंटिनातल्या मालार्गे गावाजवळ पिएर ऑजे वेधशाळेने ३००० चौरस किलोमीटर माळरानावर १६०० हून अधिक पाण्याच्या टाक्या दीड-दीड किलोमीटरवर मांडल्या. एक वैश्विक कण हवेवर आदळला की त्यातून कणांचा जो वर्षाव जमिनीकडे येतो त्याला शॉवर म्हणतात, आणि टाक्या तोच टिपतात. २००४ ते २०२० या १७ वर्षांतल्या सर्वांत ऊर्जावान १०० शॉवरांची यादी त्यांनी प्रसिद्ध केली आहे. ७.८ कोटी टीईव्हीपासून १६.६ कोटी टीईव्हीपर्यंतचे हे शॉवर. सतरा वर्षांत शंभर! कोलायडरमध्ये दर सेकंदाला अब्जाच्या आसपास टकरी होतात, आणि एवढ्या टकरींत एखादाच हिग्ज बोसॉन (मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडलेला कण) तयार होतो. त्यातले दोन फोटॉनांत, म्हणजे प्रकाशकणांत, विघटित होणारे, म्हणजे ज्यांच्यामुळे तो स्पष्ट ओळखता आला ते, हजारात दोन-तीन. ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेला शोध आकाशाकडे डोळे लावून लागणं शक्यच नव्हतं.

इतिहासाच्या मुद्द्यावर मी तुमच्याच बाजूचा आहे. व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ ला बलूनमधून ५००० मीटरच्या वर गेला आणि तिथे विकिरण जमिनीपेक्षा कितीतरी जास्त आहे हे त्याने मोजून दाखवलं. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. अँडरसनचा पॉझिट्रॉन १९३२ चा. पण त्यापुढची गोष्टही सांगायला हवी. १९३६ मध्ये म्यूऑन दिसला आणि जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावाने वर्षभर आधी भाकीत केलेला, अणुकेंद्राला बांधून ठेवणारा कण हाच, असं बहुतेकांनी धरून चालवलं. तो गैरसमज दूर व्हायला १९४७ उजाडलं. रोममध्ये कॉन्व्हर्सी, पांचिनी आणि पिच्चोनी यांना दिसलं की कार्बनमध्ये थांबलेले ऋण म्यूऑन अणुकेंद्रात गिळले न जाता निवांत विघटित होतात, आणि युकावाचा कण असं कधीच वागला नसता. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या पॉवेल गटाने पर्वतांवर ठेवलेल्या फोटोग्राफिक पट्ट्यांत खरा पायॉन शोधला. (बिभा चौधुरी आणि डी. एम. बोस यांनी युद्धाच्या काळात हिमालयात याच पद्धतीने काम केलं होतं, पण त्यांना पुरेशा संवेदनशील पट्ट्या मिळू शकल्या नाहीत. ही हळहळ मला कायम वाटत आली आहे.) रॉचेस्टर आणि बटलर यांना मँचेस्टरमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखे माग दाखवणारी छायाचित्रं मिळाली फक्त दोन. त्या विचित्र ('स्ट्रेंज') कणांचे नियम उलगडले ते पुढे, अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या कॉस्मोट्रॉनसारख्या त्वरकांवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रांवर, असे कण हवे तेव्हा तयार करता येऊ लागल्यावर. आकाशाने दार दाखवलं हे खरं, पण आत काय आहे ते तिथून मिळणाऱ्या तुटपुंज्या नोंदींवरून कळत नव्हतं.

आता ऊर्जा मोजण्याबद्दल. ऑजेची एक टाकी जवळून पाहू. ३.६ मीटर व्यास, आत १.२ मीटर खोल, १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी, वर सौर पटल आणि अँटेना. आतून प्रकाश परतवणारं अस्तर, संपूर्ण अंधार, आणि छतातून पाण्याकडे पाहणाऱ्या, अगदी मंद प्रकाशही टिपणाऱ्या तीन फोटोमल्टिप्लायर नळ्या. पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगाहून वेगाने जाणारा कण आत शिरला की चेरेन्कोव्ह प्रकाशाची निळसर झलक उठते आणि नळ्या ती टिपतात. वैश्विक किरणांमुळे तयार झालेले साधे म्यूऑन या टाकीतून सेकंदाला अडीच हजारांच्या आसपास आरपार जातात. दुसऱ्या प्रयोगात हा नुसता गोंगाट ठरला असता, इथे मात्र तीच मोजपट्टी आहे. सरळ उभ्या जाणाऱ्या एका म्यूऑनचा प्रकाश म्हणजे एक एकक, आणि शॉवर आला की टाकीने किती एककं पाहिली ते मोजायचं. त्या निर्मनुष्य माळावर प्रत्येक टाकी स्वतःला अशी अखंड तपासत असते.

टाक्यांच्या एककांवरून ऊर्जा ठरवायला नुसतं मॉडेल वापरलं असतं, तर तुमचा आक्षेप पूर्ण खरा ठरला असता. तसं होऊ नये म्हणूनच माळाच्या कडेला २७ दुर्बिणी आहेत. शॉवर खाली उतरताना हवेतल्या नायट्रोजनला उत्तेजित करतो आणि तो मंद अतिनील प्रकाश सोडतो. चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री तो प्रकाश दिसतो. शॉवरच्या वाटेवर कुठे किती प्रकाश निघाला याची बेरीज केली की हवेत किती ऊर्जा मुरली ते कळतं, आणि ती मूळ ऊर्जेचा फार मोठा भाग असते. दुर्बिणी आणि टाक्या या दोन्हींनी पाहिलेल्या शॉवरांवरून मग टाक्यांची मोजपट्टी बसवली जाते. मॉडेलला इथे वाव अगदी कमी आहे. ऊर्जेच्या प्रमाणातली एकूण अनिश्चितता १४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ती लपवलेली नाही.

पण ऊर्जेच्या एका एककामागे नायट्रोजन किती फोटॉन सोडतो हा आकडा आला कुठून? तो एअरफ्लाय प्रयोगाने अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेत त्वरकातल्या प्रोटॉनांचा झोत हवेने भरलेल्या कक्षातून पाठवून मोजला. आकाशातल्या सर्वांत ऊर्जावान कणाची ऊर्जा आपण सांगतो तेव्हा त्या आकड्यात जमिनीवरचा त्वरक असतोच. म्हणूनच या दोन क्षेत्रांना एकमेकांसमोर उभं करणं मला पटत नाही.

आता तुमच्या आक्षेपातला खरा भाग. ऊर्जा ठीक मोजली जाते, पण येणारा कण प्रोटॉन की लोखंड हे ठरवताना आणि जमिनीवर म्यूऑन किती पडायला हवेत हे सांगताना मॉडेलशिवाय चालत नाही, आणि तिथे गणित बसत नाही. ऑजेने २०१६ मध्ये दाखवलं की एक कोटी टीईव्हीच्या आसपासच्या शॉवरांमधला हॅड्रॉनी भाग (पायॉनसारख्या कणांतून आलेला), म्हणजेच मुख्यतः म्यूऑन, कोलायडरच्या नोंदींवर बेतलेल्या मॉडेलांच्या अपेक्षेपेक्षा ३० ते ६० टक्के जास्त भरतो.

कारण शॉवरच्या घडणीत आहे. प्रत्येक टकरीत पायॉन तयार होतात, त्यातले साधारण एक तृतीयांश विद्युतभाररहित. ते क्षणार्धात दोन फोटॉनांत मोडतात आणि त्यांची ऊर्जा इलेक्ट्रॉन-फोटॉनांच्या वर्षावात निघून जाते. भारित पायॉन मात्र पुन्हा टक्कर देतात किंवा शेवटी म्यूऑन देऊन विघटित होतात. हे पिढ्यानपिढ्या चालतं. म्हणून एका टकरीत भाररहित पायॉनांकडे जाणारा वाटा अगदी थोडा जरी कमी असला, तरी सातआठ पिढ्यांनंतर म्यूऑनांची संख्या बरीच फुगते. एखाद्या नव्या बलाची गरज आहे की हा ओळखीच्याच भौतिकीतला न मोजलेला तपशील आहे, हे ठरायचं आहे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. कोलायडरवरच्या ॲलिस प्रयोगाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष पाहा. ज्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत भरपूर कण निघतात, त्यांत स्ट्रेंज क्वार्क (वरच्या विचित्र कणांमधला घटक) असलेल्या कणांचं प्रमाण वाढतं. स्ट्रेंज कण वाढले की पायॉनांचा वाटा घटतो, आणि नेमकं तेच इथे हवं आहे.

अडचण अशी की कोलायडरचे मोठे डिटेक्टर टकरीच्या बाजूंना फेकले गेलेले कण उत्तम पाहतात, तर शॉवर घडवतात ते झोताच्या दिशेनेच सरळ पुढे निघणारे कण. त्यांच्यासाठी एलएचसीएफ नावाचा छोटा प्रयोग ॲटलास या मोठ्या डिटेक्टरमधल्या टकरीच्या जागेपासून १४० मीटरवर, झोताच्या दोन नळ्या वेगळ्या होतात तिथल्या अरुंद फटीत बसवलेला आहे. टंगस्टन आणि सिंटिलेटरच्या (कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) थरांचे काही सेंटिमीटर रुंदीचे ते मनोरे. भारित कण आधीच चुंबकांनी वळवलेले असतात, उरतात फोटॉन आणि न्यूट्रॉन. ७ टीईव्हीच्या टकरींत नेमके समोरून आलेले उच्च ऊर्जेचे न्यूट्रॉन बहुतेक मॉडेलांच्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. मॉडेल चुकत आहेत हे दाखवून दिलं तेही कोलायडरनेच.

आणि जुलै २०२५ मध्ये कोलायडरमध्ये पहिल्यांदाच प्रोटॉन आणि ऑक्सिजन यांची टक्कर घडवली गेली. वैश्विक कण ज्या हवेवर आदळतो तिच्या अणुकेंद्राशी झालेली, आणि अगणित वेळा पुन्हा पाहता येणारी ही टक्कर. तिकडे ऑजेने टाक्यांच्या वर सिंटिलेटर बसवले आहेत, म्हणजे शॉवरमधले म्यूऑन आणि इलेक्ट्रॉन वेगवेगळे मोजता येतील. ऑक्सिजनच्या टकरींत पुढच्या दिशेला जाणारी ऊर्जा मॉडेलांपेक्षा वेगळी वाटली गेलेली दिसली, तर मॉडेल सुधारून म्यूऑनांचा हिशेब लागू शकेल आणि येणाऱ्या कणाचं वस्तुमानही जास्त भरवशाने सांगता येईल. तिथे सगळं मॉडेलप्रमाणेच निघालं, तर गडबड कोलायडरच्या पल्ल्यापलीकडे आहे असं मानावं लागेल. मग तिथवर पोचायला आपल्याकडे आकाशच उरेल, आणि तुमचा पहिला मुद्दा मला नव्याने विचारात घ्यावा लागेल.