हलके व्हॉल्व्ह बसवले म्हणून इंजिन टिकत नाही

लहान विमानांच्या पिस्टन इंजिनांबद्दल एक सल्ला विमानमालकांमध्ये फार फिरतो आहे: ओव्हरहॉलची (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्याची) वाट न पाहता हलके व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या झडपा), कडक स्प्रिंगा आणि रोलर टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारा, टोकाला चाक असलेला भाग) बसवून घ्या, म्हणजे ताकद वाढते, व्हॉल्व्ह अडकत नाहीत आणि कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या, उंचवटे असलेल्या दांड्याच्या) झिजेची चिंता कायमची मिटते. सेसना १७२ सारख्या विमानांतील लायकमिंग कंपनीच्या इंजिनांपुरते बोलायचे, तर यातली पहिली दोन विधाने मला चुकीची वाटतात आणि तिसरे अर्धेच खरे आहे.

आधी ताकदीचे पाहू. हलक्या व्हॉल्व्हचा आणि कडक स्प्रिंगांचा फायदा शर्यतीच्या मोटारींत होतो, कारण तिथे फेरे इतके वाढतात की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडू लागतो. विमानाचे हे इंजिन पंख्याला थेट जोडलेले असल्याने जास्तीत जास्त मिनिटाला २७०० फेऱ्यांपर्यंत जाते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १३५० वेळा उघडतो, आणि एवढे काम मूळची स्प्रिंग निवांत करते. कडक स्प्रिंगेने वाढतो तो कॅमच्या लोबवरचा, म्हणजे उंचवट्यावरचा, दाब. चार सिलिंडरच्या लायकमिंगमध्ये समोरासमोरच्या दोन सिलिंडरांचे इनटेक (हवा-इंधन आत घेणारे) व्हॉल्व्ह एकाच लोबवर चालतात, त्यामुळे तो लोब आधीच दुप्पट राबत असतो. शिवाय प्रमाणित विमानात मान्यता नसलेला भाग बसवणे बेकायदा आहे, हे वेगळे सांगायला नको.

एक्झॉस्ट (जळलेला वायू बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह अडकतो तो उष्णतेमुळे आणि गाइडमध्ये (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीत) साचलेल्या शिशाच्या व कार्बनच्या थरामुळे. लायकमिंगचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मुळातच पोकळ दांड्याचा आणि आत सोडियम भरलेला असतो. उष्णता वाहून नेण्याची सोय त्यात आहेच. सकाळी थंड इंजिन अडखळते आणि तापल्यावर सुरळीत चालते, हे गाइड तपासण्याचे लक्षण आहे. ठरलेल्या तासांनी गाइडमधली ढिलाई मोजावी, बोरस्कोप (आत घालायचा बारीक कॅमेरा) घालून व्हॉल्व्हचा चेहरा पाहावा: रंगाची वलये मध्याभोवती सारखी असतील तर व्हॉल्व्ह ठीक आहे, कडेला एकाच बाजूला डाग सरकला असेल तर तो तिथे जळू लागला आहे. हे न पाहता नवा व्हॉल्व्ह घातला, तर त्याच गाइडमध्ये तोही अडकेल.

रोलर टॅपेट ही मात्र खरी सुधारणा आहे, आणि नवे किंवा कारखान्यातून ओव्हरहॉल झालेले इंजिन घेताना ती मिळत असेल तर जरूर घ्यावी. पण जुन्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या मुख्य कवचात) ती बसत नाही. रोलरचा टॅपेट त्याच्या भोकात स्वतःभोवती फिरता कामा नये म्हणून केसची रचनाच वेगळी लागते. साध्या टॅपेटचा तळ छत्रीसारखा रुंद असतो आणि तो आतून बसवलेला असतो, म्हणून टॅपेट बाहेर काढायलाही केस उघडावी लागते. निव्वळ टॅपेट बदलून घेण्याची गोष्ट ऐकली की मला शंका येते ती इथे.

आणि झीज सुरू कुठून होते? लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो, म्हणून विमान उभे राहिले की तेल निथळून जाते आणि लोब उघडे पडतात. पावसाळ्यात दोन महिने शेडमध्ये उभ्या राहिलेल्या एका इंजिनाचे सिलिंडर काढल्यावर लोबच्या टोकावर रव्याएवढे खड्डे मी बोटाने चाचपले आहेत, आणि त्याच इंजिनाचा ऑइल फिल्टर कापला तेव्हा कागदाच्या घड्यांत चमकणारे बारीक लोखंड चुंबकाला चिकटून आले. अशा काळात जमिनीवरच दहा मिनिटे इंजिन चालवून बंद करणे आणखी घातक, कारण तेल पुरेसे तापत नाही आणि ज्वलनातून आलेले पाणी त्यातच राहते.

म्हणून माझ्या हातात खर्चाचा निर्णय असता, तर मी दर ५० तासांनी, आणि तेवढे उड्डाण झाले नाही तरी चार महिन्यांनी, तेल बदलले असते, दरवेळी फिल्टर कापून पाहिला असता आणि नवे कॅमशाफ्ट व टॅपेट ओव्हरहॉलच्या वेळीच, एकत्र, घातले असते.