डोळस वांगी

परवा माझ्या भरल्या वांग्यांना डोळे चिकटवण्यात आले. मी हात धुवायला गेले होते, तेवढ्यात. साखरेचे पांढरे डोळे, मधे काळं बुबुळ, प्रत्येक वांग्याला दोन. पातेल्यासमोर थडग्याच्या आकाराची पुठ्ठ्याची पाटी, तीवर लिहिलेलं: 'दलदलीतले राक्षस'. गोडा मसाला सासूबाईंनी पाठवलेला, वांगी ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारातून एकेक दाबून, निवडून आणलेली. आणि नाव राक्षस.

न्यू जर्सीतल्या आमच्या आळीत हॅलोवीनला पोरं कँडी मागायला निघायच्या आधी सगळ्यांनी एकत्र जेवायची पद्धत आहे. पोटात आधी काहीतरी खरं अन्न जावं, हा हेतू. हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ३१ ऑक्टोबरला इथे सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि साडेपाचलाच पोरं बादल्या घेऊन दारोदार. म्हणजे जेवण पावणेपाचला. पावणेपाचला माणूस चहात खारी बुडवतो, जेवत नाही.

तर या जेवणाची एक ऑनलाइन यादी असते आणि त्या यादीच्या एक बाई असतात. कोपऱ्यावरचं घर. बाई मनाने वाईट नाही, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे सांगायला जमणार नाही. आठवडाभर आधी तिने मला गाडीतून उतरताना गाठलं. हातात फोन, फोनवर यादी.

"तू काय आणणारेस?"

"भरली वांगी."

"वा! शेंगदाणे आहेत त्यात?"

आता भरल्या वांग्यांत शेंगदाणे आहेत का, हे विचारणं म्हणजे... असो. पण लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीचा प्रश्न, तिथे मी वाद घालत नाही. "कूट काढते," म्हटलं. "तीळ घालते."

"तीळ नववा," ती म्हणाली.

"काय नववा?"

"अ‍ॅलर्जी. आधी आठ होत्या, २०२३पासून तीळ धरून नऊ."

खरं होतं ते, पाकिटावर छापायच्या अ‍ॅलर्जींचा कायदाच आहे. "बरं, मग खोबरं."

तिने फोनवर बराच वेळ काहीतरी वाचलं. मी हातात दुधाचा कॅन घेऊन उभी. "खोबरं चालेल," ती शेवटी म्हणाली. "२०२५च्या जानेवारीत त्याला अ‍ॅलर्जीच्या सुक्यामेव्यातून वगळलंय." खोबऱ्याला ग्रीन कार्ड मिळाल्याचा मला कोण आनंद झाला!

"आणि तिखट?"

"नाही."

"नाही म्हणजे तुमचं नाही की आमचं नाही?"

"तुमचं नाही."

"देठ दिसतोय फोटोत. देठ खातात?"

"नाही, धरायला असतो."

तिने टाइप केलं. मी वाकून बघितलं: 'देठ खाऊ नये. गुदमरण्याचा धोका.' पिढ्यान् पिढ्या आम्ही देठ धरून वांगं चोखत आलो, कुणी गुदमरलेलं ऐकिवात नाही. पण आता ते लेखी झालं.

मला वाटलं संपलं. मी दाराकडे वळले, तर मागून: "पण यात भीतिदायक काय आहे?"

"कशात?"

"वांग्यात. थीम आहे ना आपली."

"काळी असतात."

"जांभळी," ती म्हणाली. "फोटो आहे माझ्याकडे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. रात्री भांडी घासताना चार सुचली, त्यांतलं एक तर फार छान होतं, पण ते वाया गेलं. हीच बाई, जिच्या हिरवळीतून महिनाभर रबरी हात बाहेर आलेले असतात, जिच्या गॅरेजच्या दारावर लाल रंगाचे ओघळ आहेत, माडीच्या खिडकीत सांगाडा बसवलाय, तिला चिमूटभर लाल तिखटाची भीती वाटते. भीतिदायक काय आहे म्हणे!

बाकीची यादी काय होती? चिली, म्हणजे खिमा घातलेला राजमा, सकाळपासून स्लो कुकरमध्ये रटरटणारा. पिझ्झा, तो तर हवाच. उकडलेल्या अंड्यांवर काळ्या ऑलिव्हचे कोळी. आणि 'ममी': सॉसेजला मैद्याच्या पट्ट्या गुंडाळून भाजायच्या, वर मोहरीच्या सॉसचे दोन ठिपके, झाले डोळे. या सॉसेजच्या पाकिटावर घटक छापायला जागा पुरत नाही, त्यातले निम्मे मला उच्चारताही येत नाहीत, पण त्याला कुणी गाडीतून उतरताना गाठत नाही. चौकशी फक्त माझ्या पातेल्याची.

आणि गंमत बघा. हा सण जिथून आला त्या आयर्लंडात या रात्री जेवायला काय, तर उकडलेला बटाटा आणि कोबी घोटून त्यात लोण्याचा गोळा. कोलकॅनन म्हणतात. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणून पूर्वी आदल्या रात्री मांस वर्ज्य असायचं. म्हणजे परंपरेचंच बघायचं तर त्या टेबलावर सगळ्यांत सोवळा पदार्थ माझाच होता. हे मी यादीवाल्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "हाऊ फन!" आणि पेपर प्लेट मोजायला गेली.

मधेच सासूबाईंचा कोल्हापूरहून व्हिडिओ कॉल. त्या दिवशी, ३१ ऑक्टोबर २०२५ला, कार्तिक शुद्ध नवमी, कूष्मांड नवमी, म्हणजे कोहळा दान करायचा दिवस. त्यांनी माझ्यामागे पायरीवर ठेवलेले भोपळे पाहिले आणि हरखल्याच. "अगंबाई, केवढाले! घारगे करतेस का?"

"नाही आई, कोरलेत. आत दिवा लावायचा."

"आणि गर?"

"टाकून दिला."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं नेट गेलं. कोरायचा भोपळा पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो, आपल्या लाल भोपळ्याचा जवळचा भाऊ इथे इलिनॉयच्या शेतांतून थेट डब्यात जातो, वगैरे मी समजावून सांगत होते, पण घारग्यांचं प्रकरण त्यांच्या मनाला लागलं ते लागलंच. फोन ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तिकडे बरीच सुबत्ता आहे."

तर पावणेपाच वाजले. मी पातेलं ठेवलं, हात धुवायला गेले, परत आले तर हे. बाई टूथपिकने शेवटच्या वांग्याचा डावा डोळा नीट बसवत होती, जीभ दातांत धरून, अगदी मन लावून. खोटं कशाला बोलू, देठाची टोपी आणि खाली दोन डोळे असा एकेक छोटा म्हातारा तयार झाला होता. एकाचा डोळा रश्शावरून घसरून हनुवटीपर्यंत आला होता. "आता कशी सजीव वाटतात!" ती म्हणाली. मला विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. हेच खुपतं मला. मी तिच्या ममीवर फोडणी ओतली असती तर?

मी डोळ्यांची बरणी मागून घेतली आणि उलटी करून वाचली. साखर, स्टार्च, रंग आणि कन्फेक्शनर्स ग्लेझ. हे ग्लेझ म्हणजे लाख. किड्यांची लाख, आपल्याकडे झारखंडच्या जंगलांतून निघते ती. दुर्योधनाने घर बांधलं ते हिचंच. इथे गोळ्या चकचकीत दिसाव्यात म्हणून लावतात. तिळाला प्रवेश नाही, शेंगदाण्याला नाही, देठाला ताकीद, आणि लाक्षागृह थेट माझ्या रश्शात. पण भांडणार कधी? पोरं आली होती.

पोरांनी काय केलं ते ओळखलंच असेल. डोळे तेवढे वेचून खाल्ले. कँडीच्या आधी पोटात खरं अन्न जावं म्हणून मांडलेल्या टेबलावर पोरांनी खाल्ली ती कँडीच, आणि तीही माझ्या पातेल्यातून. एक मुलगा हवा भरलेल्या डायनासोरच्या पोशाखात होता. पोशाखाचे हात वीतभर, तोंडापर्यंत पोचेनात, म्हणून त्याच्या आईने पोटापाशी झिप उघडून आत अर्धा पिझ्झा सरकवला. आत घरघरणारा पंखा, त्याबरोबर चीजचा वास बाहेर. माझ्या मुलीने घरी येऊन दूध-भात खाल्ला.

एवढ्यात एक आई बशी घेऊन माझ्याकडे आली. चेटकिणीची टोपी, गोड चेहरा. "हे तू केलंस? मला सांगशील का कसं?" मी फुलले. गोडा मसाला म्हणजे काय इथपासून सुरुवात केली, धने किती, दगडफूल का, वांग्याला चीर देठापर्यंत का द्यायची नाही. ती मान डोलवत होती. मी चिंच-गुळापर्यंत पोचले तेव्हा तिने हळूच विचारलं, "आणि डोळे कुठे मिळतात?"

मी यादीवाल्या बाईकडे बोट दाखवलं.

उरलेली वांगी तशीच घरी आणली. वेचायचे राहिलेले डोळे तोपर्यंत रश्शात विरघळले होते, बुबुळांचा काळा रंग तेलावर तरंगत होता. नवरा उशिरा आला. तो कोल्हापूरचा. लग्न झाल्यापासून माझ्या पुणेरी गुळाबद्दल त्याची एक कायमची तक्रार आहे आणि आता कुठे ती जरा मिटत आली होती. भाकरी मोडून त्याने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"आज पुन्हा गूळ?"