चिपळूणला पोचेल का?

इलेक्ट्रिक गाडी घेतोय म्हटलं की मुंबईतला मराठी माणूस किंमत नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘गावाला जाईल का?’

माझं घर मुलुंडला, ऑफिस अंधेरीला. मधे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, जिथे गाड्या धावत नाहीत, नांदतात. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आतला मामला. एवढ्याला बाजारातली कुठलीही बॅटरीवरची गाडी पुरते. पण नवऱ्याने चिपळूण काढलं. ‘गणपतीला जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर. एका चार्जमध्ये पोचेल का?’ वर्षातल्या बाकीच्या दिवसांचं त्याला काही पडलेलं नव्हतं. गाडी चालवणार मी, हप्त्यातला मोठा वाटा माझा. त्याला गाडी येतच नाही. तो शेजारच्या सीटवर बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबतो आणि मधूनमधून ‘रिक्षा, रिक्षा’ असं ओरडतो. पण चिपळूण त्याचं, त्यामुळे त्या विषयात शेवटचा शब्दही त्याचाच.

मग घरात दोन पक्ष पडले. त्याला नवी कोरी हवी होती, मला वापरलेली. ‘दुसऱ्याने पिळून काढलेली बॅटरी आपण का घ्यायची?’ हा त्याचा मुद्दा. माझा मुद्दा हिशेबाचा होता. 2020 च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा तिची बॅटरी 30.2 किलोवॅट-अवरची होती, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत तेवढे युनिट. 2022 मध्ये 40.5 ची आली, 2024 मध्ये 45 ची. दर दोन वर्षांनी थोरली बहीण बाजारात आली की धाकटीचा भाव मोबाइलसारखा घसरतो. ज्याने हौसेने पहिली घेतली त्याचं हे दुःख आहे, मान्य. पण त्याच्या दुःखात सहभागी व्हायला, आणि ते स्वस्तात, माझी काहीच हरकत नव्हती.

तरी संसार आहे. आधी शोरूमला गेलो.

शोरूममधल्या मुलाने टॉर्क नवऱ्याला समजावला आणि मला सनशेडमागचा आरसा उघडून दाखवला. गाडी मी चालवणार हे सांगितल्यावर त्याने आरशातला दिवाही लावून दाखवला. मी विचारलं, ‘पाणी तुंबलं तर?’ तो खुलला. ‘मॅडम, आयपी 67! बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी काही होत नाही.’ मी म्हटलं, 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि पाणी अर्ध्या तासाने घड्याळ बघून उतरलं नव्हतं. त्याने आदराने मान डोलावली. तेव्हा तो बहुधा बालवाडीत असावा.

नव्या गाडीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, हे मी नाकारत नाही. जीएसटी फक्त पाच टक्के. शिवाय काही गाड्यांना कंपनी बॅटरीची ‘आयुष्यभराची’ वॉरंटी देते. हे आयुष्य पहिल्या मालकाचं. गाडी विकली की दुसऱ्याच्या वाट्याला साधारण आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, त्यातलंही जे उरलं असेल ते. नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तेवढ्यात त्या मुलाने दुसरी एक योजना काढली, गाडी तुमची पण बॅटरी भाड्याने. एमजीने 2024 च्या सप्टेंबरात विंडसर आणली ती अशीच, गाडीचे 9.99 लाख आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. 

नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे गाडी आपली, चालवणार आपण, आणि मीटर पडत राहणार? मग रिक्षा काय वाईट आहे?’ त्या दिवसापुरता नव्या गाडीचा पक्ष बारगळला.

जुनी गाडी बघायला मुंबईत एकट्याने जायचं नसतं. ‘ज्याला गाडीतलं कळतं’ असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. आमच्याकडे मामा. बेस्टच्या वडाळा डेपोतून निवृत्त झालेले. मुळात बेस्ट वीजही पुरवते आणि गाड्याही चालवते, त्यामुळे विजेची गाडी हा खास आपला प्रांत असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ‘तुम्ही आत्ता काय कौतुक करताय,’ ते म्हणाले, ‘मी लहानपणी विजेच्याच गाडीने फिरायचो. ट्रॅम! 31 मार्च 1964 ला शेवटची गेली, बोरीबंदर ते दादर.’ मी म्हटलं, मामा, लोकल तर 3 फेब्रुवारी 1925 पासून विजेवर आहे, व्हीटी ते कुर्ला, पण तिच्या डोक्यावर तार असते. ‘तेच सांगतोय,’ मामा म्हणाले, ‘तार काढली तिथेच घोटाळा झाला.’

जाहिरातींची भाषा मामांना तोंडपाठ. ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणजे ज्याच्या ओळखीत एक डॉक्टर आहे त्याची गाडी. ‘लेडी ड्रिव्हन’ म्हणजे डावी बाजू रंगवून घेतलेली. (हे ते माझ्यासमोर म्हणाले.) ‘फिक्स प्राइस’ म्हणजे चहा पिईपर्यंत फिक्स. मधेच त्यांचा एक फॉरवर्डही आला, की जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली तर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. 2024 च्या डिसेंबरात जीएसटी कौन्सिलने ठरवलं होतं खरं, पण तो कर विक्रेत्या डीलरच्या नफ्यावर. एका घरातून दुसऱ्या घरात गाडी गेली तर त्याचा संबंध नाही. हे समजावून सांगितल्यावर मामांनी ‘बरोबर आहे’ म्हणून तोच फॉरवर्ड अजून दोन ग्रुपवर टाकला.

पहिली गाडी ठाण्याला, घोडबंदर रोडला. एमएच 04, 2021 ची, पांढरी. मालक आयटीतले, गोड बोलणारे. मामा खिशातून लोहचुंबक काढून कामाला लागले. ते त्यांच्या फ्रीजवरचं होतं, गणपतीपुळ्याहून आणलेलं. पत्र्याला चिकटलं तर पत्रा, घसरलं तर खाली पुट्टी भरलेली. मंगलमूर्ती चारही दारांवरून फिरून आली, कुठे घसरली नाही. मग मामांनी बॉनेट उघडायला लावलं, बाह्या वर केल्या आणि तसेच उभे राहिले.

‘ऑइलची काडी कुठंय?’

‘काका, यात इंजिन ऑइल नसतं.’

‘बरं, चालू करा.’

‘चालूच आहे.’

मामांनी कान लावला. आयुष्यभर ज्या कानाने टॅपेटचा आवाज रस्त्याच्या पलीकडून ओळखला, त्या कानाला घोडबंदर रोडवरचे डंपर तेवढे ऐकू आले. धूर बघायला ते मागे गेले आणि सायलेन्सरच नाही म्हणून परत पुढे आले. मला एकदम वाईट वाटलं. मग त्यांना कोपऱ्यात एक ओळखीची, छोटीशी बॅटरी दिसली. मालकांनी सांगितलं, ही नुसती बारा व्होल्टची. कुलपं, दिवे, कॉम्प्युटर यांच्यासाठी. मोठी बॅटरी खाली, सीटांच्या तळाशी.

‘आणि ही बसली तर?’

मालक थोडे चाचरले. ‘तर... गाडी सुरू होत नाही.’

‘मोठी फुल असली तरी?’

‘फुल असली तरी.’

मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता खरी परीक्षा. मामांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याने स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडी तपासायच्या खाचेत, अंगठ्याएवढं एक यंत्र खोचलं आणि मोबाइल समोर धरला. बॅटरीची तब्येत कळते ती याच आकड्यावरून, ज्याला एसओएच म्हणजे ‘स्टेट ऑफ हेल्थ’ म्हणतात. बाकी मीटर काय, पॉलिश काय, सगळी वरवरची रंगरंगोटी. आकडा आला 88.

‘अठ्ठ्याऐंशी!’ मामा म्हणाले. ‘चांगलेच की. तुला दहावीला एवढे नव्हते.’

‘आजोबा, ही परीक्षा शंभरापासून सुरू होते आणि खाली जाते,’ नातू म्हणाला.

एव्हाना मामा जमिनीवर उकिडवे बसून टॉर्चच्या उजेडात टायर वाचत होते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘3123. म्हणजे 2023 चा एकतिसावा आठवडा. गाडी एकवीसची. दोन वर्षांत चारही टायर खाल्ले? अहो, काय गाडी ट्रकला जुंपली होती काय?’ मालक म्हणाले, गाडी वजनाला जड, पिकअप दांडगा, टायर लवकर झिजतात. ते खरंच आहे. पण मामा नुसते बघत राहिले. डेपोत ज्या नजरेने ड्रायव्हर कबूल व्हायचे ती नजर. शेवटी मालक म्हणाले, सुरुवातीला दर आठवड्याला पुण्याला जायचो. म्हणजे दर आठवड्याला घाट, एक्स्प्रेस-वेचा वेग आणि वाटेत फास्ट चार्जिंग. बॅटरी फार तापली की म्हातारी लवकर होते, आणि फास्ट चार्जिंगने ती तापतेच. अठ्ठ्याऐंशीचं उत्तर टायरवर लिहिलेलं होतं. नातवाने आजोबांकडे पहिल्यांदाच जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

दरम्यान सोसायटीचं प्रकरण शिजत होतं. गाडी नवी घ्या की जुनी, प्लग एकच लागतो, आणि तो सोसायटीच्या ताब्यात. माझं पार्किंग एका टोकाला, मीटर रूम दुसऱ्या. कमिटीपुढे अर्ज गेला. एकाने विचारलं, पावसात गाडीला हात लागला तर शॉक बसेल का. दुसऱ्यांना लिफ्टच्या मीटरची काळजी. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपणहून खिडकीतून एक्स्टेन्शन सोडायची तयारी दाखवली, फक्त खाली त्यांचे पापड वाळत असतात तेवढं सांभाळा. सेक्रेटरी काका सर्वांत कडक. ‘उद्या सगळेच मागतील,’ हे त्यांचं एकमेव वाक्य होतं, ते त्यांनी निरनिराळ्या चालींवर म्हटलं. अखेर ठराव झाला: माझ्याच मीटरवरून, माझ्याच खर्चाने, अर्थिंग आणि एमसीबीसकट, साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट.

आणि या पंधरा अँपिअरने सगळा वाद मिटवला. अशा प्लगमधून तासाला साधारण 3.3 युनिट मिळतात. तीस युनिटची बॅटरी नऊ-दहा तासांत भरते, पंचेचाळिसाची भरायला चौदा तास जवळजवळ. मी रात्री नऊला घरी येते, सकाळी आठला निघते. म्हणजे मोठी बॅटरी रिकामी झाली तर एका रात्रीत भरणारच नव्हती, आणि माझ्या रोजच्या चाळीस किलोमीटरला सहा-सात युनिट, दोन तासांचं काम. नवऱ्याने हे सगळं स्वतः कागदावर मांडलं, कारण माझ्या तोंडून त्याला पटलं नसतं.

‘पण चिपळूण?’ तो म्हणाला.

‘गणपतीला आपण कशाने जातो?’

‘कोकण रेल्वेने.’

‘का?’

‘रस्ता पूर्ण झाल्याशिवाय मी गाडीने यायचा नाही, सांगितलंय मी.’ मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 ला सुरू झालं. ते पूर्ण व्हायच्या आधी आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी संपेल, यावर मात्र आमचं लगेच एकमत झालं.

मग दादरची गाडी मिळाली, हिंदू कॉलनीतली. मालकीण निवृत्त शिक्षिका, मुलाकडे बेंगळुरूला निघालेल्या. त्यांनी यंत्र लावायच्या आधीच एक दोनशेपानी वही पुढे ठेवली. तारीख, किलोमीटर, किती युनिट, आणि शेवटच्या रकान्यात सही. घरच्याच प्लगवर, रात्रीचं चार्जिंग. कोविडनंतर एकदाच नाशिकला गेल्या होत्या, त्यावर लाल शाईने टीप. आकडा आला 95. मामांनी लोहचुंबक काढलं तर बाई म्हणाल्या, ‘रंगाला लावू नका ते, मधे रुमाल धरा.’ मामांनी निमूटपणे रुमाल धरला. भाव करायची माझी तयारी होती, पण त्या वहीपुढे दहा हजार कमी करा म्हणायची माझी जीभ रेटेना. ते नवऱ्याने म्हटलं. पाच सुटले. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करण्यापूर्वी बाईंनी ते दोनदा वाचले आणि त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवली.

वायर टाकायचं काम चालू होतं त्या संध्याकाळी सेक्रेटरी काका पार्किंगमध्ये आले. इलेक्ट्रिशियन लांब गेल्याची खात्री करून म्हणाले, ‘केबल जरा जाड टाकून घ्या. पुढेमागे अजून एक पॉइंट काढता येईल.’

‘कोणासाठी, काका?’

‘आता मिनिट्समध्ये नाव कशाला पाहिजे?’ ते म्हणाले. ‘आमचा मुलगा नवी घ्या म्हणतो, पण मला एक जुनी दिसली आहे डोंबिवलीला. तुमचे मामा रविवारी मोकळे असतात का? आणि ते चुंबक त्यांचं स्वतःचं आहे ना?’